उणे अडीचशे मिलिसेकंद

३ मार्च, सोमवार. सकाळ.

आजपासून रोज लिहिणार. खरं तेच लिहिणार. हे कोणी वाचणार नाही, त्यामुळे नम्रपणाची गरज नाही.

हिचं गाणं अखेर रेकॉर्ड झालं. काल, आमच्याच हॉलमध्ये. इथलं संगीत मंडळ दरवर्षी एक संध्याकाळ नव्या गायकांना देतं. यंदाची चाळिशीपुढच्यांसाठी आहे. एका गाण्याचा व्हिडिओ वीस तारखेपर्यंत पाठवायचा. सबंध गाणंभर चेहरा दिसलाच पाहिजे, कारण मागे कोणीतरी दुसऱ्याचं गाणं लावून नुसते ओठ हलवले होते म्हणे. लेक झाल्यापासून ही फक्त ओट्यापाशी गायची. आता लेक नोकरीला परगावी. हिच्या गाण्याच्या बाई हट्टाला पेटल्या आणि ही हो म्हणाली. हो म्हणाल्यापासून झोपेतही ताल धरते.

शूटिंग मेहुण्यानं केलं. हिचा धाकटा भाऊ, तोच त्याचा धंदा. चित्र कॅमेऱ्यात घेतलं, आवाज वेगळ्या रेकॉर्डरमध्ये. दोन्ही नंतर जुळवायचं असतं. मी कपड्यांचा स्टँड हलवला आणि पंखा बंद केला. ध्वनिमुद्रणात पंखा बंद करणं निर्णायक असतं. त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. मेहुण्यानं चहा मात्र दोनदा घेतला.

८ मार्च, शनिवार

मेहुणा जुळवलेली फाइल पेनड्राइव्हवर देऊन गेला. हिनं त्याच्या फोनवर पाहिली. डोळे पुसले. छान झालंय म्हणाली.

फोनच्या वीतभर पडद्यावर काय कळणार? मी रीतसर कॉम्प्युटरवर लावली, माझ्या नव्या स्पीकरवर. (गोल, काळा, बिनवायरचा. चालू केला की निळा दिवा लागतो आणि आतली बाई इंग्रजीत कनेक्टेड म्हणते. जुने वायरवाले स्पीकर माळ्यावर टाकले.)

आणि दगा लक्षात आला. ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो! फरक थोडाच, पण मी काही आंधळा नाही. हिच्या आयुष्याचं एक गाणं, आणि सख्ख्या भावानं असं उरकून टाकावं?

मेहुण्याला फोन केला. शांतपणे. तो म्हणाला, दाजी, तो स्पीकर बाजूला ठेवून ऐका. बरोबर आहे फाइल. टेबलावर हेडफोन ठेवलाय, वायरवाला, तो लावून बघा.

म्हणजे चूक याची आणि खोट माझ्या स्पीकरमध्ये! नाचता येईना अंगण वाकडं. हेडफोन ड्रॉवरमध्ये टाकला, जुन्या किल्ल्यांच्या खाली.

९ मार्च, रविवार

निर्णय झाला. जुळणी मी करणार. हिला सांगणार नाही. भावाचं पितळ उघडं पाडून तिचं मन कशाला दुखवा? काम झाल्यावर योग्य वेळी कळेल. चांगली माणसं असंच करतात.

आवाज एन्कोड करायचं, म्हणजे फाइल नव्यानं बांधायचं, एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. फुकट आहे पण भारदस्त आहे. त्यात चित्र आणि आवाज यांच्या जुळणीचं आख्खं एक पान आहे. इतके पर्याय पाहून ऊर भरून आला. सर्वांत वर एक चौकोन होता, आपोआप जुळवा असा, त्यावर आधीच टिक. ती काढली. आपोआप हे आळशी माणसांसाठी असतं.

संकल्प: रोज एक पर्याय शिकायचा. संध्याकाळी चालायला जायचं.

१० मार्च, सोमवार

चालायला गेलो नाही. पाय बरा नाही.

जेवताना कॉम्प्युटरवर बातम्या लावल्या. निवेदिकेचाही आवाज ओठांच्या मागून! हल्ली सगळीकडेच ढिसाळपणा. लेकीशी व्हिडिओ कॉल केला, तिचंही तेच. तिच्या गावचं नेट खराब आहे. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, बाबा, मला तर सगळं नीट दिसतंय. या पिढीची नजर गेली ती गेलीच.

मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रार विभाग सांभाळतो. लोक काय वाटेल ते सांगतात, पण चूक कुठे आहे हे मला बसल्या जागी कळतं. बहुतेक वेळा तक्रार करणाऱ्याच्याच नळात असते.

१२ मार्च, बुधवार

जुळणीच्या पानावर ऑडिओ डिले नावाची रिकामी चौकट आहे. तिथे मिलिसेकंद भरायचे. सेकंदाचा हजारावा भाग. मेहुण्याला सेकंद सांभाळता येत नाही, आणि मी इथे हजारावा भाग धरून बसलोय.

अधिक अडीचशे भरले. पुन्हा एन्कोड केलं. आवाज आणखी मागे गेला. आता ही ओठ मिटून घेते आणि मग शब्द येतो. पोस्टानं आल्यासारखा.

सॉफ्टवेअरनं दगा दिला. अधिक म्हणजे सुधारणा, एवढं साधं गणित या लोकांना कळू नये? कंपनीला सविस्तर तक्रार लिहिली. फुकटवाल्यांची तक्रार घेत नाहीत असं आपोआप उत्तर आलं. असं उत्तर देणं किती सोपं असतं, मला विचारा.

१५ मार्च, शनिवार

आज स्ट्रेचचा पर्याय शिकलो. आवाज ताणून चित्राच्या मापाचा करता येतो. ताणला. हिला घसा बसल्यावर कोणी झोपेतून उठवून गायला लावलंय असं वाटायला लागलं. उलटा ताणला, तर ही गाडी पकडायच्या घाईत. मूळ फाइलवर परत आलो. तीन वेळा.

ही दारात येऊन उभी राहिली. चटकन पडद्यावर कचेरीची फाइल आणली. तिनं विचारलं, अहो, अंतरा ऐकलात का? कसा झालाय, खरं सांगा. तिथे श्वास कमी पडतो की काय, असं वाटत होतं मला.

मी अजून अंतऱ्यापर्यंत पोहोचलेलोच नाही. जुळणी सुरुवातीच्या ओळीवर तपासायची असते. गाणं म पासून सुरू होतं, म ला ओठ मिटतात आणि उघडतात, ते बघायचं असतं. तिथून पुढे जायला मला वेळ कुठे आहे? उत्तम म्हणालो. तिनं विचारलं, उत्तम म्हणजे काय? मी म्हणालो, उत्तम म्हणजे उत्तम. ती गेली. कलावंताला कौतुकाची केवढी भूक!

१६ मार्च, रविवार. दुपार.

जमलं!!

उणे! उणे अडीचशे! उणे म्हणजे आवाज आधी. सॉफ्टवेअरवाल्यांनी सरळ मराठीत सांगितलं असतं, तर माझा आठवडा वाचला असता.

स्पीकर लावला, हिच्या ओठांतून म फुटला, आणि त्याच क्षणी कानावर आला. जसं फूल आणि वास. माझे डोळे भरून आले. हिच्यासाठी मी काय केलंय हे हिला ठाऊकही नाही.

शेवटी एक पाटी जोडली. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं: ध्वनिजुळणी व अंतिम संस्करण. खाली माझं पूर्ण नाव, हुद्द्यासकट. पाटी बारा सेकंद राहते. आधी पाच ठेवली होती, पण हुद्दा लांब आहे.

१९ मार्च, बुधवार

फाइल मंडळाला पाठवली. कचेरीतल्या नेटवरून, कारण हे एका अर्थी सार्वजनिक काम आहे.

हिनं विचारलं, भावानं दिली तीच पाठवलीत ना? मी हो म्हणालो. खोटं नाही. मुळात फाइल तीच आहे. घराला रंग दिला म्हणून घर बदलत नाही.

संकल्प: कार्यक्रमाच्या दिवशी मेहुण्याला सगळ्यांसमोर माफ करायचं.

२२ मार्च, शनिवार

कार्यक्रमाला घालायला निळा कोट काढून पाहिला. बटण लागत नाही. कोट आकसलाय. ड्रायक्लीनरनं दगा दिला.

२८ मार्च, शुक्रवार

मंडळाची मेल आली. ही वाचत होती, मी मागून वाचली.

निवड समितीला खेदानं कळवावं लागतं, की आपल्या व्हिडिओत ओठांची हालचाल आणि आवाज यांचा मेळ बसत नाही. आवाज गायिकेचा स्वतःचा असल्याची खात्री पटत नसल्यानं नियमाप्रमाणे विचार करता येणार नाही.

हिनं दोनदा वाचली. मग म्हणाली, म्हणजे त्यांना वाटतंय मी चोरी केली. एवढंच. मग दोरीवरचे कपडे काढून आणले आणि घड्या घालत बसली. माझ्या सदऱ्याची एकच घडी चार वेळा घातली. रडली असती तर बरं झालं असतं.

माझं रक्त उसळलं. अडीचशे मिलिसेकंद! इतकी काटेकोर जुळणी अख्ख्या मंडळात कोणाची नसेल! समितीचे कान तपासले पाहिजेत. मंडळाला कडक तक्रार लिहिली, मुद्देसूद, परिशिष्टासह.

२९ मार्च, शनिवार

हिनं आज भावाला फोन केला. दार लावून, पण आमची दारं पातळ आहेत. म्हणाली, तुझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला रे. तेवीस वर्षांनी गायले मी. एक गाणं नीट जुळवता आलं नाही तुला? तिकडून तो काहीतरी सांगत असावा. ही म्हणाली, मग त्यांना काय स्वप्न पडलं? आणि फोन ठेवला.

खरं सांगायला हवं होतं का? पण सांगायचं काय? माझी फाइल निर्दोष आहे. मी मध्ये पडलो असतो तर विषय भरकटला असता. शिवाय त्यानं मुळात ढिसाळपणा केलाच होता, त्यामुळे बोलणी बसली ती तशी चुकीच्या माणसाला बसलेली नाहीत. तरीही भाजी घशाखाली उतरली नाही. मीठ जास्त होतं. ही म्हणाली, मीठ घालायचंच राहिलंय.

२ एप्रिल, बुधवार

मंडळाचं उत्तर. एकच ओळ: आपली तक्रार विचाराधीन आहे.

हे वाक्य मी रोज चाळीस लोकांना पाठवतो. ते समोरून कसं दिसतं हे आज कळलं.

मेहुणा या आठवड्यात आला नाही. फोनही नाही. ही फोन उलटा ठेवते, मग सुलटा करून बघते. दोघं लहानपणी एका ताटात जेवायची म्हणे.

४ एप्रिल, शुक्रवार

गाण्याच्या बाईंनी लक्ष घातलं. म्हणाल्या, पाठवलेला व्हिडिओ घेऊन उद्या दोघा भावंडांनी माझ्याकडे या, डोळ्यांनी पाहू. मंडळात माझी ओळख आहे, काही करता आलं तर करू.

उत्तम! ज्या क्षणाची वाट पाहत होतो तो आला. सगळ्यांसमोर माझी फाइल लागणार, मेळ दिसणार, समितीची फजिती, आणि शेवटी पाटी. हातच्या कंकणाला आरसा कशाला? मेहुण्याला माफ करायचं भाषण तयार आहे. थोडक्यात ठेवलंय.

स्पीकर चार्ज करून पिशवीत घेतला. बाईंच्या टीव्हीचा आवाज बारीक आहे.

५ एप्रिल, शनिवार. संध्याकाळ.

लिहावंसं वाटत नाही. पण खरं लिहायचं ठरलंय.

बाईंच्या खोलीत आम्ही चौघं. बाई खुर्चीत, ही सतरंजीवर, मेहुणा दारापाशी उभा. बस म्हटलं तरी बसेना. बहीणभाऊ एकमेकांकडे बघत नव्हते. पेनड्राइव्ह बाईंच्या टीव्हीला मीच लावला.

हिचा आवाज आला. ओठ मिटलेले होते. मग ओठ हलले. आवाज तोवर पुढच्या शब्दावर. सबंध ओळ तशीच. माझी बायको स्वतःच्याच गाण्यामागे धावत होती. कोणीही म्हटलं असतं, ही बाई नुसते ओठ हलवतेय.

मेहुणा म्हणाला, ही माझी फाइल नाही. हिनं त्याच्याकडे पाहिलं. बाई बंद करायला रिमोट शोधत होत्या, मी म्हणालो राहू दे (का म्हणालो?), आणि गाणं संपून पाटी आली. ध्वनिजुळणी व अंतिम संस्करण. माझं नाव. हुद्दा. बारा सेकंद. मी आयुष्यात इतके लांब बारा सेकंद पाहिले नाहीत.

तरीही मी हरलो नव्हतो. मी म्हणालो, टीव्हीचा दोष आहे. पिशवीतून स्पीकर काढला. मेहुण्यानं तो टीव्हीला जोडून दिला. कनेक्टेड. पुन्हा लावलं. आणि बघा! मेळ! तंतोतंत! मी ओरडलोच, बघा, बघा म्हणून.

मेहुण्यानं बातम्यांचं चॅनल लावलं. निवेदिका ओठ आधी हलवत होती, आवाज मागून. त्यानं स्पीकर बंद केला. निवेदिका सुधारली. चालू केला. बिघडली. असं त्यानं दोनदा करून दाखवलं, लहान मुलाला दिवा दाखवतात तसं. मग म्हणाला, दाजी, बिनवायरच्या स्पीकरवर आवाज पोहोचायला थोडा वेळ लागतो. तुम्ही माझी फाइल दुरुस्त केली नाहीत. तुमच्या स्पीकरचा उशीर त्या फाइलमध्ये उलटा भरलात. मी सांगितलं होतं, वायरवाला हेडफोन लावा.

म्हणजे चोर पहिल्यापासून माझ्या टेबलावर निळा दिवा लावून बसला होता. मी त्याला रोज पुसत होतो.

भाषण तयार होतं, पण कोणाला माफ करायचं ते कळेना.

ही उठली आणि भावापाशी जाऊन उभी राहिली. त्याची बाही धरली. रस्त्यात मला म्हणाली, मी विचारलं तेव्हा हो म्हणालात. मी म्हणालो, मुळात फाइल तीच. ती म्हणाली, मला हा आठवडाभर माझ्या भावाचा राग आला होता. तो राग मी परत कसा घेऊ ते सांगा. एन्कोडरमध्ये आहे का तसा पर्याय?

नाही. सगळी पानं माझी पाठ आहेत.

६ एप्रिल, रविवार

बाईंनी मंडळात शब्द टाकला. समिती म्हणते, जुनी फाइल कुठलीच नको, खरी की खोटी या वादात आम्हाला पडायचं नाही. नव्यानं गा. साध्या फोनवर, सुरुवातीला तारीख बोलून, कुठलीही जुळणी न करता. सोमवार, चौदा तारखेपर्यंत पोहोचलं पाहिजे.

कुठलीही जुळणी न करता. हे शब्द कोणासाठी घातलेत, ते मला कळतं.

ही दिवसभर रियाज करते. मी स्वयंपाकघरात गेलो की गाणं थांबतं. पाणी पिऊन बाहेर आलो की सुरू होतं. आज चार वेळा पाणी प्यायलो. तहान नव्हती.

संकल्प: काहीही करायचं नाही. फक्त हजर राहायचं.

१३ एप्रिल, रविवार. सकाळ.

आज रेकॉर्डिंग. मेहुणा आला. फक्त फोन घेऊन आला, कॅमेरा नाही. मी स्टँड हलवला, पंखा बंद केला. हिनं गोड आवाजात सांगितलं, अहो, तुम्ही जरा बाहेर बसा.

बाहेर म्हणजे जिन्यात. पंखा बंद करणाऱ्या माणसाला जिन्यात! पण वाद घातला नाही. तो स्पीकर विकायचा होता, सकाळी चालू करून पाहिला आणि बाजारात जाता येईल म्हणून या वहीसोबत पिशवीत घेतला होता, पिशवी मांडीवर घेऊन दाराला पाठ लावून बसलो.

आतून तारीख ऐकू आली. मग म.

ओठ दिसत नव्हते, त्यामुळे बघायला काही नव्हतं. ऐकत बसलो. पहिली ओळ मला मिलिसेकंदासकट पाठ. ती संपली. पुढे काय येतं हे मला माहीतच नव्हतं. दीड महिना मी हे गाणं छातीशी घेऊन बसलो होतो आणि पुढचं मला माहीत नव्हतं. मग अंतरा आला. तिथे एका ठिकाणी ती वर जाते आणि वाटतं आता श्वास संपला, आणि ती तिथूनच आणखी वर जाते. माझ्या अंगावर काटा आला. लग्नाआधी ही अशी गायची. मी विसरलो होतो. मला दार उघडून सांगावंसं वाटलं, की श्वास कमी पडत नाही, कुठेच पडत नाही. पण गाणं संपू दे म्हटलं. पहिल्यांदाच थांबलो.

आणि मांडीवरच्या पिशवीतून बाई ठणठणीत आवाजात म्हणाली, बॅटरी लो.

आतलं गाणं थांबलं.

पुन्हा म्हणाली, बॅटरी लो. मी पिशवी पोटाशी दाबली. पोटातून म्हणाली, बॅटरी लो.

दार उघडलं. मेहुणा हातात फोन घेऊन, मागे ही. मी म्हणालो, अंतरा फार सुंदर झाला. खरं होतं ते. या वहीतलं बहुधा सगळ्यांत खरं. ती म्हणाली, अर्धाच झाला होता.

तिनं हात पुढे केला, मी स्पीकर दिला. तिनं तो बंद करून मला परत दिला, आणि बोट जिन्याच्या खाली दाखवलं.

तीच सकाळ. कोपऱ्यावरचा बाक.

आमच्या हॉलची खिडकी इथून दिसते. आत्ता पडदा ओढून घेतला, म्हणजे पुन्हा सुरू झालं असणार. बहुतेक अंतऱ्यापर्यंत आली असेल.

इथून काही ऐकू येत नाही.